विहीणबाईंची राहिलेली पंगत

मिठावरून भर मांडवात रुसून बसावं आणि पुढं मिठावाचूनच ताठ मानेनं जगून दाखवावं, ही दोन्ही कामं एकाच जन्मात करणारी बाई बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून एकच. ती आमची विहीण. माझ्या अश्विनीची सासू. राहणार कोऱ्हाळे बुद्रुक. आम्ही भवानीनगरला कारखान्याच्या वसाहतीत राहणारी नोकरदार माणसं, जपून बोलणारी. त्या मात्र घरात बोलायला लागल्या की शेजारच्या उसाच्या फडातल्या तोडणीच्या बायका कोयता थांबवून ऐकतात. त्यांच्या रागाचं मला फार वर्षं भय वाटलं. आता त्यांचा राग ऐकू आला नाही तरच भय वाटतं.

अश्विनीच्या लग्नात विहिणीची पंगत बसली तेव्हाची गोष्ट. पाट मांडले, रांगोळ्या काढल्या, उदबत्त्या लावल्या, सगळं मी जातीनं बघितलं होतं. एक आमटी तेवढी आचाऱ्यावर सोडली होती. विहीणबाईंनी पहिला घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि डावा हात वर करून वाढप्यांना जागच्या जागी थांबवलं. "आमटी अळणी हाय," त्या म्हणाल्या. आणि ते खरंच होतं हो! आचारी मीठ घालायलाच विसरला होता. मी मिठाची वाटी घेऊन धावले, तर म्हणतात कशा, "वरनं मीठ लावायला मी काय कैरी हाय व्हय?" झालं. ताट तसंच टाकून, हात धुऊन उठल्या. आमच्या ह्यांनी हात जोडले, व्याहीबुवांनी डोळे वटारले, त्यांच्या दोघा भावांनी मनधरणी केली. बाई उपाशीच वरातीबरोबर गेल्या. पोरीचं कसं होणार म्हणून मी रडून रडून डोळे सुजवले. पण अश्विनीनं माप ओलांडलं न ओलांडलं तोच तिला जवळ ओढून त्यांनी विचारलं, "जेवलीस का गं? माझं भांडान आचाऱ्याशी हाय, तुझ्याशी न्हाय." त्या दिवसापासून माझ्या लेकीला त्यांनी एक टोमणा मारलेला नाही. फक्त आमच्या घरी जेवायला त्या कधी बसल्या नाहीत. आल्या तर घोटभर चहा घ्यायच्या आणि उन्हं कलायच्या आत निघायच्या. मानी माणसाला टाकलेल्या ताटावर परत कसं बसावं ते उमजत नाही, आणि मला आग्रह करायचा धीर होत नव्हता.

मग त्यांचे पाय सुजायला लागले. चार पावलं चाललं की दम लागायचा, आडवं झालं की खोकला. बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा मीही बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, आणि किडन्याही थकल्यात. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं किराणा दुकानातून आणून खाल्लेल्या गोळ्यांनी किडन्यांची पार वाट लावली होती. अंगात पाणी साठतंय. तेव्हा मीठ बंद, पाणी दिवसाला एक लिटर, गोळ्या जन्मभर. आणि हे पाळलं नाही तर मशीनला, म्हणजे डायलिसिसला बसावं लागेल. विहीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "इहीणबाई, तुमच्या त्या आचाऱ्याचा पत्ता द्या."

त्यांची पानाची चंची होती, कापडाची, पाच कप्प्यांची. पान-तंबाखू त्यांनी त्याच दिवशी गावाबाहेर काढलं आणि त्या कप्प्यांत गोळ्या भरल्या. गोळ्यांची इंग्रजी नावं त्यांना येत नाहीत आणि शिकायचीही नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवलीत. अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी पाण्याची गोळी म्हणजे थोरली सून: "सकाळच्या पारी उठवती आन दुपारपातुर पळवती." रक्त पातळ करायची गोळी ही लाडकी, कारण ती सुरू झाल्यापासून त्या विळीवर बसत नाहीत. "माझं रगत पातळ हाय, कापलं तर थांबायचं न्हाय, कांदा तुमी चिरा," असं त्या व्याहीबुवांना सांगतात, आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नव्हतं ते आता डोळे पुसत कांदे चिरतात. पण छातीतली धडधड कमी करणाऱ्या गोळीवर मात्र त्यांचा दात आहे. "ही भांडणखाऊ," त्या म्हणतात. "अवो, भांडायला उभं ऱ्हायलं की कसं काळीज नगाऱ्यावानी वाजाय पायजे! ही खाल्ली की वाजतच न्हाय. त्वांडानं शिव्या देतीया आन आतनं गारगार. भांडणाला काय रंग येतोय मग?" तरी गोळी चुकवत नाहीत. भावकीतली कुणी बांधावरून वाद घालायला आली तर सरळ सांगतात, "आत्ता न्हाय, गोळी खाल्लीया. उद्या सकाळी ये."

पाण्याचं तर विचारूच नका. आपल्याकडं कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेलं आणि चहा घेतला नाही, तर त्या घराशी उभं वैर. लिटरभर पाण्याच्या बाईनं करायचं काय? विहीणबाईंनी तोड काढली. लिटरभर मावेल असा एक तांब्या दिवस उगवताना भरायचा आणि जातील तिथं बरोबर न्यायचा. कुणी अर्धा कप चहा पाजला की त्या घरवालीच्या देखत तेवढंच पाणी तांब्यातून तिच्या तुळशीला ओतायचं. "कालव्याच्या पाण्याची पाळी असती न्हवं? एकाला वाढवलं की दुसऱ्याचं कमी करायचं," असं वर समजावून सांगायचं. पहिल्यांदा लोक हसले. नंतर बायकाच आपल्या पोरांना दटावू लागल्या, की आजीला चहा अर्धाच द्या रे, नाहीतर म्हातारी दुपारची तहानेली राहील. उन्हाळ्यात त्या बर्फाचा एवढासा खडा तोंडात धरून ओट्यावर बसतात आणि तेवढा वेळ बोलत नाहीत. गावाला तेवढीच विश्रांती.

आजारी माणसाला भेटायला जायचं तर शहाळं न्यायचं, ही आपली रीत. विहीणबाईंना नेमकं शहाळं वर्ज्य. किडनी थकलेल्या माणसाला त्यातला क्षार सोसत नाही, हृदयावर उलटतो. त्या शहाळं घरात घेतात, कोयत्यानं फोडायला लावतात आणि आणणाऱ्यालाच प्यायला बसवतात. एकदा बारामतीहून त्यांची चुलतबहीण सैंधवाची पुडी घेऊन आली. "हे मीठ चालतंय, औषधी असतंय," म्हणाली. विहीणबाईंनी पुडीकडं बघितलंसुद्धा नाही. "सवत काळी असली काय आन गोरी असली काय, सवतच की!" चुलतबहिणीनं पुडी परत पिशवीत टाकली. किराणा दुकानाच्या पायरीवर तर बाईंचा पहाराच असतो. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाया संध्याकाळी तेल-मिठाबरोबर अंगदुखीच्या गोळ्या मागतात. विहीणबाई त्या गोळ्या हातातून हिसकावून घेतात आणि स्वतःचा सुजलेला घोटा पुढं करतात. "दाब हितं. बोट रुततंय का? ह्येच गिळून झालंय ह्ये. जा, तेल चोळ आन डाक्टरला दाव." दुकानदार वैतागलाय, पण तोंड उघडत नाही.

डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं होतं, कारण अंगात पाणी साठलं की आधी वजनाला कळतं. घरात पोती मोजायचा काटा होता. विहीणबाई रोज सकाळी त्यावर चढून ओरडतात, "भरली गाडी आली, बघा वो!" व्याहीबुवा आकडा सांगतात. एकदा सासूबाई नीट जेवत नाहीत म्हणून अश्विनीला कळवळा आला आणि तिनं दोन दिवस भाकरीच्या पिठात गुपचूप मीठ घातलं. तिसऱ्या दिवशी काटा वर गेला. विहीणबाईंनी काट्यावर उभ्या राहूनच हाक मारली, "आश्वे! माया कर, पर हातानं कर, मिठानं नगं!" माझी लेक फोनवर मला हे सांगताना हसत होती आणि रडतही होती.

आणि अशा काटेकोर बाईनं एकदा घात करून घेतला. अश्विनीला दिवस गेले होते, डोहाळजेवण आमच्या घरी ठरलं होतं. विहीणबाईंनी स्वतः निरोप धाडला, मी जेवायला येणार. मला तर आभाळ ठेंगणं झालं. पण जेवायला जायचं का, ते डॉक्टरांनी वजन बघून ठरवू म्हटलेलं. आता उसाच्या घरात जन्म गेलेली बाई ती! तोडणीच्या आधी उसाचं पाणी तोडतात, म्हणजे साखरेचा उतारा चांगला पडतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं दवाखान्यात जायच्या आधी स्वतःचं पाणी तोडलं. तांब्या पालथा घातला, पाण्याच्या गोळ्या एकाला दोन गिळल्या. काटा छान खाली आला, आणि बाईही. चुलीपुढून उठताना भोवळ येऊन पडल्या.

बारामतीला दाखल केलं. किडन्या कोरड्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, पाणी बंद करायला कुणी सांगितलं होतं? तुम्ही काय ऊस आहात?" पडल्या पडल्या क्षीण आवाजात उत्तर आलं, "मग गाळप कशाला लावलंय माझं?" डॉक्टरही हसले, पण बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, पाण्याची गोळी थांबवलीय, हळूहळू पाणी देतोय, हृदयाला जास्त झालं तर छाती भरेल, कमी पडलं तर किडनी जाईल. दोन-चार दिवसांत लघवी सुधारली नाही तर मशीन लावावं लागेल. विहीणबाईंना आतून ऐकू गेलंच होतं. "ह्या दोघी जावा हायत," त्या मला म्हणाल्या, "एकीला दिलं की दुसरी फुगती." मग माझा हात धरला. तो हात फारच हलका लागला. "इहीणबाई, मशीनला मी भेत न्हाय. पर तुमच्याकडची एक पंगत माझी ऱ्हायलीया. ताट टाकून उठलेली बाई म्हणून न्हाय मरायचं मला." मी त्यांच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

डोहाळजेवण आम्ही केलंच नाही. अश्विनी म्हणाली, सासूबाई नाहीत तर कशाचं डोहाळजेवण. पण किडन्या हळूहळू रुळावर आल्या. पूर्वीइतक्या नाहीत. मशीन लांबलंय, टळलेलं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय आणि आम्ही सगळे ते जाणून आहोत. घरी सोडताना त्यांनी विहीणबाईंकडून वदवून घेतलं, की गोळी कमी-जास्त करायची नाही आणि पाणी तोडायचं नाही. "तोडीचा हुकूम तुमचा," त्या म्हणाल्या, "मी आपला फड."

नात झाली. बारसं आमच्याकडं. विहीणबाई तांब्या आणि चंची घेऊन सकाळीच हजर. बाळाला मांडीवर घेतलं, कानात नाव सांगितलं, आणि मग मला म्हणाल्या, "वाढा." मी पाट मांडला, रांगोळी काढली, उदबत्ती लावली. आमटी ह्या वेळी कुणावर सोडली नव्हती. डॉक्टरांनी एका वाटीची मुभा दिली होती. कांदा-लसूण खमंग परतून, जिरं-कोथिंबीर घालून, वर लिंबू पिळून मी ती स्वतः केली होती. मिठाचा कण नव्हता तिच्यात.

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. पहिला घास तोंडात घातला, चावला, गिळला. आणि डावा हात वर केला. सगळी पंगत थबकली, व्याहीबुवांचा घास हातातच राहिला. त्यांनी त्या हातानं मला जवळ बोलावलं.

"इहीणबाई," त्या म्हणाल्या, "मीठ बेताचं पडलंय बगा."

आणि त्या जेवल्या. सावकाश, मांडी मोडून न उठता, भाकरीनं वाटी पुसून पुसून जेवल्या. ताटात शीत ठेवलं नाही. मी तिथंच उभी होते, पदर डोळ्यांना लागला तो खाली येईना.

"धूर लागला व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. गॅसच्या शेगडीला कुठला आलाय धूर.