टीव्हीकडे पाठ करून बसलेले बाबा

आता तिला बघायला मुंबईत रस्त्यावर माणसं थांबतात. मला मात्र ती आठवते ती रत्नागिरीतल्या आमच्या आळीतली शेजारची पोर. ज्याच्याशी बोलेल त्याचाच सूर उचलायची. मासेवाल्या मावशीशी घासाघीस करून आली की तिच्यासारखेच हेल काढायची आणि आम्ही हसून बेजार व्हायचो.

शाळेच्या नाटकातून ती गावच्या रंगमंचावर गेली, तिथून मुंबईला. बोटीवर नोकरी केलेल्या तिच्या वडिलांना ते मानवलं नाही. त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. तरी ती गणपतीला यायची, निघताना वाकून "बाबा, येत्ये हां," म्हणायची आणि उत्तर न मिळताच एस्टी गाठायची.

तिची पहिली मालिका लागली, तेव्हा आळीत टीव्ही आमच्याकडेच होता. ती मुद्दाम आली होती. सगळे आत दाटीवाटीने बसलेले, वडील तेवढे बाहेर ओटीवर, टीव्हीकडे पाठ करून. ती आत आलीच नाही, त्यांच्या खुर्चीशी खाली टेकली.

आतून, टीव्हीतून, तिच्या रडण्याचा आवाज आला. वडिलांनी मान न वळवता विचारलं, "कशाला रडत्ये ती?"

"तिचे बाबा बोलत नाहीत तिच्याशी," ती म्हणाली.

मालिकेत ती खरं तर सासू गेली म्हणून रडत होती. मी चहा घेऊन दारातच थबकले. वडिलांनी उठून खुर्ची टीव्हीकडे फिरवली.

"वहिनी, जरा बाजूला व्हा," ते मला म्हणाले, "दिसत नाही."