नानाजींच्या विहिरीतले मडके

भीमाबाईंच्या हातांना कायम ब्लीचिंग पावडरचा वास असे. साबणाने तो जात नसे, राखेनेही नाही. आमच्या मागच्या पडवीत बसून त्या चहा घेत आणि कप स्वतःच नळाखाली विसळून पालथा घालीत. मी "राहू द्या" म्हणे. त्या नुसत्या हसत.

पडवीत त्या पावडरची पिंपे ठेवलेली असत. माझे यजमान महादेवराव पालिकेच्या आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक होते आणि लकडगंजकडच्या विहिरींचे काम त्यांच्याकडे होते. १९६५ चा उन्हाळा होता. देशोदेशी फिरून आलेला नव्या जातीचा हैजा, म्हणजे कॉलरा, शहरात पोचला होता. खात्याने साथीपुरती काही माणसे घेतली, त्यांत भीमाबाई आल्या. नवरा मिलमध्ये होता, तो वारल्यापासून घर त्यांच्यावरच होते. छप्पनच्या धम्मदीक्षेला त्या पांढरे लुगडे नेसून, मुलीला कडेवर घेऊन गेल्या होत्या. घरी परतल्यावर कोनाड्यातली शेंदूर लावलेली मरीमाय त्यांनी सासूच्या देखत बाहेर काढली.

"आता हैजा आला तं बुढी म्हणते, मायचा कोप हाय," त्या मला सांगत. "मी म्हणलं, कोप पाण्यात हाय. अन् त्याचं औषध माह्या थैलीत हाय."

औषध द्यायची रीत साधी होती. मडक्याच्या पोटाला भोक पाडून आत पावडर आणि जाड वाळू भरायची, तोंड बांधायचे आणि दोरीने ते विहिरीच्या पाण्यात लोंबते सोडायचे. औषध हळूहळू पाण्यात उतरत राही.

आरागिरण्यांच्या मागच्या बोळात नानाजींची विहीर होती; बोळात त्यांचाच शब्द चाले. पाणी गोड, सगळा बोळ त्यावर जगायचा. आमच्या पडवीतून तिचा काठ दिसे. भीमाबाईंनी सकाळी मडके सोडले. दुपारी काठावर त्याच्या खापऱ्या पडलेल्या. दुसरे सोडले, त्याचेही तेच झाले.

"पाण्याले वास येते," बायका म्हणाल्या.

शेजारच्या बोळात खात्यातल्याच देवरावने तसेच मडके सोडले होते, त्यात पावडरही आमच्याच पिंपातली. देवराव नानाजींच्या नात्यातला. तिथल्या पाण्याच्या वासाबद्दल कुणी काही बोलले नाही.

महादेवराव भीमाबाईंना म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या विहिरीवर देवरावला पाठवतो. औषध पाण्यात गेल्याशी कारण."

"साहेब, उद्या दुसऱ्या विहिरीवाले मडकं फोडतीन. तिथंबी देवरावच जाईन. मंग मले कायले ठेवलं?"

यांनी पिंपाचे झाकण लावले. "बरं, तुम्ही बघा एकदा," एवढेच म्हणाले.

तिसरे मडके सोडून भीमाबाई विहिरीजवळच्या लिंबाखाली राखणीला बसल्या. बायका घागरी घेऊन आल्या आणि थबकल्या.

"काहून बसली वं इथं?" एकीने विचारले.

"मडक्याची राखण करून राहिली."

"अवं, विहिरीचं लगन हाय का? करवलीवानी बसली!"

सगळ्या हसल्या. भीमाबाईही हसल्या. "लगनच समजा. पाणी भरा, आहेर नाही मागत."

कुणीही पोहरा सोडला नाही. घागरी रिकाम्याच घेऊन बायका बोळाच्या टोकाकडे वळल्या. तिथे नाल्याच्या काठाला पाझरत्या पाण्याचा एक झिरा होता. त्यात गुरे उतरत, पलीकडे पोरे परसाकडला बसत. भीमाबाई हे पाहत होत्या, पण उठल्या नाहीत. मडके शाबूत होते आणि पाण्यात औषध उतरत होते. ते पाणी मात्र कुणी पीत नव्हते.

उन्हे तापल्यावर नानाजींची सून सुमती झिऱ्याची घागर घेऊन परत आली. ती दोन जिवांची होती, दिवस भरत आले होते. भीमाबाई तिला आडव्या गेल्या.

"नको वं बाई, हे पाणी नको पिऊ."

"मले काय हौस हाय का, मावशी?" सुमती हळूच म्हणाली. "मामंजी म्हणतात."

ती गेली. भीमाबाईंनी आपल्या हाताने मडके वर ओढले, काठावर ठेवले आणि नानाजींच्या ओट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नानाजी, मडकं तुमीच सोडा. पण सोडा."

नानाजी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मडकं आमच्या कुंभाराचं राहीन."

"राहू द्या."

"अन् तू दुरूनच पावडर टाकजो."

"दुरूनच टाकते."

अंगणात नवे मडके ठेवले गेले. भीमाबाईंनी थैली उंच धरून पावडर ओतली. वाऱ्याने भुकटी नानाजींच्या धोतरावर उडाली. ती त्यांनी झटकली नाही. त्यांच्या लेखी ती सरकारची होती, भीमाबाईंची नव्हती. मग त्यांनी स्वतः मडके नेऊन विहिरीत सोडले. संध्याकाळी रहाट पुन्हा वाजू लागला. पाण्याला वास येतो असे मग कुणी म्हणाले नाही.

सुमतीला मात्र दुसऱ्या दिवशी ढाळवांती सुरू झाली. खात्याची गाडी बोलावून तिला दवाखान्यात नेले. घर धुवायला भीमाबाईच गेल्या. थेट मोरीपर्यंत, सुमतीच्या खाटेपर्यंत त्या फिनेल शिंपडत गेल्या आणि त्या दिवशी त्यांना कुणी दुरून शिंपड म्हणाले नाही. सुमती वाचली. तिचे मूल वाचले नाही.

साथ ओसरली. आपल्या वाट्याच्या सगळ्या विहिरींत औषध सोडले म्हणून भीमाबाईंना खात्याने कायम केले. महादेवराव आनंदाने ती बातमी घेऊन घरी आले. भीमाबाई पडवीतच होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले,

"साहेब, मी पहिल्याच दिवशी मडकं नानाजीच्या हाती देलं असतं तं?"

"आणि त्यांनी पहिल्याच दिवशी फोडलं नसतं तर?" हे जरा रागानेच म्हणाले.

"ते त्याइले इचारणारं कोनी नाही. मले मीच इचारते."

त्यानंतर कितीतरी वर्षे त्या खात्यात होत्या. लसी टोचल्या, फवारे मारले, मुलीला मास्तरीण केले. नानाजींच्या बोळातून जाताना त्या तहानेल्या असल्या तरी थांबत नसत. पाणी आमच्याकडे येऊन पीत. सुमतीला पुढे दोन मुलगे झाले. भीमाबाईंनी त्यांना कधी पाहिले की नाही, मला माहीत नाही.

निवृत्तीच्या सुमाराला त्या आल्या, तेव्हा यजमान जाऊन वर्ष झाले होते. बोळात नळ आले होते, नानाजीही नव्हते आणि विहीर दगडमातीने बुजवली होती. मी त्यांना ते सांगितले.

त्यांनी पडवीतून विहिरीच्या जागेकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बाई, आतलं मडकं काढलं होतं का कोनी?"

"कोण काढणार? तसंच बुजलं असेल."

"असू द्या. ते त्याइचंच होतं. माहे तं काठावरच राहिले."

चहा संपला होता. मी कपासाठी हात पुढे केला. "राहू द्या," त्या म्हणाल्या आणि नळाकडे गेल्या.