मंजुळाबाईंचा कलप

त्या सोमवारी मंजुळाबाई पाळीच्या तासभर आधीच खडोलीच्या धाग्याच्या कारखान्याच्या फाटकावर आल्या, आणि तिथे त्यांना धड उभंही राहवेना. चार पावलं इकडे, चार तिकडे. हात सारखा केसांकडे जाई आणि त्या तो मागे ओढत. आदल्या दिवशी त्यांनी जन्मात पहिल्यांदा कलप लावला होता.

कारण होतं कोंडाबाईचं. दोघी शिरपूरकडच्या. ब्याऐंशी साली कारखाना सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, धागा तपासायला शेजारी शेजारी बसलेल्या. नवे मॅनेजर आले आणि म्हणाले, चाळिशीपुढच्या बायकांची नजर गेलेली असते, त्यांना काढा. आता जन्मदाखला होता कुणाकडे? मग साहेबांनी सोपी युक्ती काढली. ओळीतून फिरायचं आणि पांढरं डोकं दिसलं की बोट करायचं. नजर तपासायची अक्कल कुणालाच सुचली नाही. शनिवारी बोट कोंडाबाईपाशी पोचलं आणि जेवणाची घंटा झाली. "उरलेली ओळ सोमवारी," सुपरवायझर रघुनाथने सांगितलं. पुढचं डोकं मंजुळाबाईंचं होतं.

नवरा भिका दम्याने घरी बसलेला. चूल पेटायची ती मंजुळाबाईंच्या पगारावर. पदराने डोकं झाकावं, तर यंत्रांपाशी सैल कापड चालत नाही. म्हणून कलप. त्यातही फार धुतलं तर रंग जाईल, या भीतीने त्यांनी एका तांब्यात डोकं उरकलं. तिथेच चुकलं.

दुपारी छपराचे पत्रे तापले आणि घाम निथळू लागला. साहेब ओळीतून आले, मंजुळाबाईंच्या डोक्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पुढची बॉबिन उचलली. पांढऱ्याशुभ्र धाग्यावर खसखशीएवढा काळा ठिपका होता.

त्यांनी कानशिलाला बोट लावलं. बोट काळं झालं.

शेजारी आता कोंडाबाईच्या जागी सरिता ही कोवळी पोर बसली होती. तिने बॉबिन फिरवून पाहिली. "चांगली आहे की, मावशी." साहेब परतताना थांबले, चष्मा वर करून त्यांनीही पाहिली. "ठीक है, जाने दो."

मंजुळाबाईंनी ती चांगल्या मालाच्या पेटीत ठेवली. पुढची उचलली, पण हातात धरूनच बसल्या. एक डाग गेला की सुरतेच्या मागांवर विणलेलं अख्खं थान परत येतं, हे त्यांनीच कितीतरी पोरींना शिकवलेलं. बारा वर्षांत त्यांच्या हातून डागाळलेला माल गेला नव्हता. आज गेला तर कुणाला कळणार? कुणालाच नाही. तोच तर त्रास होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. डाग दिसला की हात वर करायचा, हा खात्याचा नियम. मंजुळाबाईंचा हात वर गेला.

"साहेब, डाग हाय."

"कहाँ?"

त्यांनी पेटीतून बॉबिन काढून नख टेकवलं. आता साहेबांनाही दिसला. "कहाँ से आया?"

मंजुळाबाईंनी पांढऱ्या चिंधीने कानशील पुसलं आणि चिंधी पुढे धरली.

"उमर छुपाई तुमने," साहेब म्हणाले. नजरेचा विषय त्यांनी काढलाच नाही.

"इचारली असती तं सांगितली असती. तुम्ही डोकं पाहिलं, म्हणून डोकं दाखवलं."

साहेबांनी रघुनाथला नाव कमी करायला सांगितलं. पाळी संपेपर्यंत बसू दे, एवढी मेहरबानी केली. बाईंना रडू येत होतं आणि रागही येत होता. रडल्या असत्या तर डोळ्यांना दिसलं नसतं, म्हणून त्या रागावरच बसून राहिल्या. डोक्याला चिंधी बांधली आणि उरलेल्या दोन तासांत आणखी तीनदा हात वर केला. दोनदा रघुनाथने बॉबिन दिव्याखाली धरून डाग शोधला, आणि दोन्ही वेळा तो सापडला. तिसऱ्यांदा त्याने शोधलाही नाही. मंजुळाबाईंनी दिलेली बॉबिन त्याने तशीच बाद मालात टाकली.