बयताड

सौंसरच्या बसस्टँडमागे एक मिस्त्री गाड्या दुरुस्त करतो. त्याच्याकडे गेलं की आधी एक 'बयताड', म्हणजे वेडपट, ऐकावं लागे. प्लग काळा पडला तर गाडी बयताड, ऑइल बदललं नाही तर मालक बयताड. मी शाळेत मराठी शिकवतो, पण मलाही सूट नव्हती. त्याच्या तोंडून ते कोणाला लागत नसे.

मागच्या आठवड्यात मोहगावच्या एक नर्सबाई स्कूटी घेऊन आल्या. तो सवयीनं बोलून गेला. बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, माह्या दादाले लोकं जन्मभर हेच म्हणून राहिले. त्याचं नाव कोणी घेतलंच नाही."

तेव्हापासून त्यानं तो शब्द बोलणं सोडलं. काल माझ्या गाडीची चेन बसवताना त्यानं विचारलं, "सर, हा शब्द आला कुठून?"

"कोणी वेताळावरून आला म्हणते. पण नक्की मलेही माहीत नाही."

त्याचा हात थांबला. "म्हणजे मी लोकायले काय बोलून राहिलो होतो, हे मलेच माहीत नव्हतं?"

मला आठवलं, वर्गात मीही तो शब्द किती पोरांवर फेकला होता.

आज आम्ही दोघं मोहगावला बाईंच्या घरी गेलो. बाईंचे दादा अंगणात खाटेवर बसले होते. मिस्त्रीनं हात जोडले. "दादा, नाव काय तुमचं?"

दादा दचकले. त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं. हा माणूस थट्टा तर करून राहिला नाही ना, हे त्यांना तिच्याकडून समजून घ्यायचं होतं.