बिनफोडणीचं वरण

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात, सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी, बाबांच्या पाठीवर बारीक पाणीदार फोड उठले. अंगात कणकण होती. आईनं सदरा वर करून पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, माता आली. दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले, खाटेवर पाला अंथरला. औषध बंद, येणंजाणं बंद आणि फोडणीही बंद. माता घरात असताना तेल तडतडलं तर ती कोपते, असं आमच्याकडे मानतात. फोड दिसायला अगदी कांजण्यांसारखेच होते, त्यामुळे शंका कोणालाच आली नाही.

आमचे बाबा म्हणजे ठेचा नसला तर ताटावर रुसून बसणारे. नुसतं उकडलेलं वरण तोंडात घालून म्हणाले, "काऊन वो, मीठ टाकाचं भुलली का?"

"फोडणी नाई तं चव कुठून येईन?" आई म्हणाली. आम्ही हसलो, बाबाही हसले. मग रोज त्यांची तीच तक्रार आणि रोज आमचं चिडवणं.

एका दुपारी त्यांनी परसातली हिरवी मिरची चोरून खाल्ली. आईनं पकडलं तेव्हा ते शांतपणे चावत होते. ना हाशहुश, ना डोळ्यांत पाणी. "या मिरचीतबी काई दम नाई राह्यला," म्हणाले. आईनं उरलेली अर्धी दाताखाली धरली आणि ठसका लागून खालीच बसली. मी गाडीसाठी फोन लावायला सुरुवात केली. चव जाते, हे मोबाईलवर तेव्हा सारखं ऐकू यायचं.

गाडी मिळेपर्यंत बाबांना धाप लागली होती. चंद्रपूरला डॉक्टरांनी पाठीवरच्या खपल्या पाहिल्या. "कोरोनात काहींच्या अंगावर असंही उठतं," ते म्हणाले. बाबा परत आले नाहीत.

लोक म्हणतात, दाराला कडुलिंब होता म्हणून कोणी आत आलं नाही आणि गाव वाचलं. खरंही असेल. पण मला राग येतो, कारण त्याच पाल्यानं डॉक्टरलाही बाहेर ठेवलं.

आई आता वरणाला लसूण-मिरचीची झणझणीत फोडणी देते. ताट वाढून माझ्यासमोर बसते आणि विचारते, "चव लागून राह्यली ना तुले?"

मी "लागते" म्हटल्याशिवाय ती घास उचलत नाही.