चेंगदूतला पहिला आठवडा आणि ताटभर मिरच्या

बॅग भरत होते तेव्हा बाबांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "थोडंसं बियाणं ने ना वं. आपली मिरची पाहू दे त्याईले." मी हात जोडले. तुम्हीही चीनला निघाला असाल तर ध्यानात ठेवा: बियाणं, रोपं, फळं काही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. मला हे माहीत होतं, पण बाबांची समजूत घालण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

आम्ही भिवापूरचे. मी नागपूरला शेतकी शिकले आणि एम.एस्सी.साठी चेंगदूच्या एका विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळवली. मेख एवढीच होती की प्रवेश पक्का असला तरी मिरचीवर संशोधन करणाऱ्या गटात जागा पक्की नव्हती. तिथे एकच जागा, उमेदवार आम्ही तिघं, आणि निवड पहिल्या शुक्रवारी. हुकलं तर भाताच्या गटात रवानगी. भाताशी माझं काही वाकडं नाही. पण गावात आता जो तो संकरित मिरची लावतो, जुनी भिवापुरी मोजक्या वावरांत उरली आहे आणि त्यातलं एक आमचं आहे. भातासाठी मी एवढ्या लांब निघाले नव्हते.

नागपूरहून दिल्ली, पुढे एक विमान बदलून सोमवारी दुपारी चेंगदू. विमानतळावरून मेट्रोनं थेट विद्यापीठापर्यंत गेले, भाडं दीडशे रुपयांच्या आतच. डबा इतका स्वच्छ की बॅग खाली ठेवताना मीच चाकं पुसली. नोटा आठवडाभर पाकिटातच राहिल्या. आपल्या नागपुरातल्या सदरमधल्या पाणीपुरीवाल्यासारखाच तिथला भाजीवालाही पैशांसाठी क्यूआर कोड पुढे करतो, फक्त आपलं ॲप तिथे चालत नाही. तिथलं ॲप घरूनच उतरवून पासपोर्ट आणि कार्ड जोडून निघा, नाहीतर माझ्यासारखं पहिलं जेवण दुसऱ्याच्या फोनवर होईल.

माझं झालं ते लिनच्या फोनवर. लिन मिरचीच्या गटातली सीनियर, बारीक चणीची आणि भरभर इंग्रजी बोलणारी. मंगळवारी तिनं मला सगळा परिसर पायी फिरवला. सकाळी सातला ग्रंथालय भरलेलं पाहून मला माझ्या नागपूरच्या हॉस्टेलची सकाळ आठवली आणि मी विषय बदलला. तळ्याकाठी आजी-आजोबा गाणं लावून रांगेत नाचत होते, कोणी कोणाकडे टकामका पाहत नव्हतं. हे मला फार आवडलं. पाणी मात्र जिथे तिथे गरम. गार पाणी मागितलं की खानावळीतली मावशी पोटाकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवायची आणि वाफाळता पेलाच पुढे करायची.

बुधवारी गटानं आम्हा नव्या मुलांना विद्यापीठाच्या खानावळीत जेवायला नेलं. टेबलावर सुक्या लालभडक मिरच्यांचा डोंगर आला, त्यात कोंबडीचे बोराएवढे तुकडे दडलेले. सगळे काड्यांनी तुकडे वेचून खाऊ लागले, मिरच्या तशाच ताटात. मला वाटलं, यांना झेपत नाहीत. आमच्या घरी मिरची ताटात टाकली तर बोलणी खावी लागतात. मग काय, भिवापूरच्या इभ्रतीचाच प्रश्न! मी एकेक करून माझ्यासमोरचा ढीग साफ करायला घेतला. तिखट सोसलं, पण सोबतच्या मिरीसारख्या दाण्यांनी जीभ पार बधिर केली. कोकणातल्या तिरफळाचा हा चुलतभाऊ.

लिनची काडी हवेतच थांबली. "तू त्या खातेस?"

"मग काय करायचं?"

"अगं, त्या वासासाठी असतात. कोणीच खात नाही!"

सगळं टेबल खो-खो हसलं. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत मीही हसले. गुरुवारचा तपशील मात्र देत नाही. एवढंच सांगते की मावशीचं गरम पाणी फार गुणाचं निघालं. शरीरापेक्षा मनाचा त्रास जास्त होता. मिरच्या खाणारी इंडियन म्हणून मी एका दिवसात विभागाच्या सगळ्या मजल्यावर प्रसिद्ध झाले होते. निवड करणाऱ्या प्रोफेसरबाईंच्या कानावर गेलंच असणार. मी बाबांना फोन लावला आणि रडले.

"काहून रडून राहिली वं? मिरचीच तं खाल्ली, चोरी केली का?"

शुक्रवारी बाईंसमोर बसले. तिथे शिक्षकांना लाओशी म्हणतात. पन्नाशीच्या, कापलेले केस, हाताला माती. माझ्या अर्जाचे कागद त्यांनी बाजूला सारले. "बुधवारी तू मिरच्या खाल्ल्यास म्हणे. कशा होत्या?"

थट्टा वाटली, पण त्या वाट पाहत होत्या. मग मी खरं ते सांगितलं. दोन जातींच्या होत्या. लांब, सुरकुतलेली वासाला, आखूड बुटकी तिखटाला. आखूड यंदाची होती, लांब मागच्या हंगामाची, कारण सालीला कुबट वास लागला होता.

लाओशी उठल्या, खानावळीत फोन लावला, चिनीत काहीतरी विचारलं आणि हसत परत आल्या. "गेल्या वर्षीचीच. कोणी शिकवलं तुला हे?"

"बाबांनी."

"सोमवारपासून ये."

जिन्यात मी उड्या मारल्या, लिननंही मारल्या.

जानेवारीत सुट्टीवर घरी आले ती लाओशींनी दिलेलं पहिलं काम घेऊनच: तुमच्या गावात बियाण्याची मिरची कशी निवडतात, ते विचारून लिहून आण. चेंगदूचं मनात काय उरलं, असं मैत्रिणी विचारतात. मेट्रो, ग्रंथालय, नाचणाऱ्या आज्या आहेतच. पण इतक्या मोठ्या बाईनं माझ्या जिभेवर विश्वास ठेवून खानावळीला फोन लावला, ते मी विसरणार नाही. वही घेऊन मी वावरात बाबांसमोर बसले. पहिली तोडणी चालली होती.

"मले काय विचारतं? मी तं नुसतं पेरतो. बियाची मिरची तुझी माय निवडते, लग्न झाल्यापासून. वासाचं तं मलेबी तिनंच शिकवलं."

आई दोन ओळी पलीकडे मिरच्या तोडत होती. चोवीस वर्षं मी हिच्या हातचं खाल्लं, मिरची शिकायला परदेशी गेले आणि हिला एकही प्रश्न विचारला नव्हता. मला लाज वाटली. तिच्याजवळ जाऊन मी वही उघडली.

"आई, तू सांग, मी लिहिते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पदराला हात पुसले.

"पहिले जेवून घे वं. लय लंबं हाय हे."