हिरोच्या केसांचं लोशन

चूक माझी होती. मनोहरच्या केस पेपरवर मी माझ्याच हाताने लिहिलं होतं, ‘ऑपरेशनआधी सर्व औषधे बंद’. पुन्हा कधी सुरू करायची, ते लिहिलं नव्हतं.

मी गोंदियात जनरल सर्जन आहे. या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. मनोहर अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, तिशीचा, झाडीपट्टीच्या नाटकांत हिरोचं काम करणारा. ही नाटकं दिवाळीपासून गावोगाव सुरू होतात. म्हणून हर्नियाचं ऑपरेशन त्याने मुद्दाम पावसाळ्यात ठरवलं. सीझनपर्यंत फिट व्हायचं होतं.

“गोळ्या चालू आहेत का?” मी विचारलं.

“गोळ्या नाही, साहेब. डोक्शाले लावाचं लोशन हाय, दोन वर्सापासून. नागपूरच्या डाक्टरनं देल्लं.”

मी मान वर न करता ती ओळ लिहिली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आठव्या दिवशी टाके काढताना त्याने हळूच विचारलं, “साहेब, थे लोशन चालू करू का?”

“हर्निया डोक्यात होता का तुझा? आधी पोट सांभाळ.”

मी हसलो. सिस्टर हसल्या. शेजारच्या खाटेवरचे आजोबाही हसले. मनोहरही हसला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर तो ओपीडीत आला आणि टोपी काढून बसला. समोरचे केस जवळजवळ गेले होते.

“इतके दिवस का बंद ठेवलंस?” मी विचारलं.

“तुमीच लिवले न, बंद म्हून. मी विचारलो, त तुमी हासले.”

“विग लाव सीझनपुरता.”

“लावून पायलो. फायटिंगमंदी विलनच्या हातात रायते. नाटक कंपनीच्या मालकानं हिरोचं काम दुसऱ्याले देल्लं. मी आता हिरोइनचा मामा.”

या वेळी मला हसू आलं नाही.

त्याच्यासमोरच एका त्वचारोगतज्ज्ञ मित्राला फोन लावला. त्याने सांगितलं ते असं. हे लोशन, म्हणजे मिनॉक्सिडिल, लावत राहाल तोवरच केस धरून ठेवतं. सोडलं की काही महिन्यांत तेवढे केस गळतात. त्यात ऑपरेशनचा ताण शरीरावर येतो, त्यानेही गळतात.

“हर्नियासाठी महिनोन्‌महिने बंद कशाला? भूल देणाऱ्याला सांगायचं, तो म्हणेल तेवढाच खंड पाडायचा. मला विचारलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं.”

लोशन पुन्हा सुरू झालं. पण केस यायला महिने लागतात आणि सीझन कोणासाठी थांबत नाही.

आता मी ‘काय खाता?’ नंतर ‘काय लावता?’ हेही विचारतो. केस पेपरवर प्रत्येक औषधापुढे दोन गोष्टी लिहितो, बंद कधी आणि सुरू कधी. केसांच्या औषधालाही तिथे जागा आहे.

केस पेपर लगेच सुधारला. मनोहरसमोर जायला मात्र मला महिना लागला. हसलो होतो चारचौघांत, म्हणून माफीसाठी त्याला एकट्याला गाठायचं नाही असं ठरवलं. एका रविवारी दुपारी तालमीच्या हॉलवर गेलो. तो पांढऱ्या मिशा चिकटवत होता.

“अरे, साहेब! मामाचं काम पाहाले आले का?”

सगळे हसले.

“नाही,” मी म्हणालो. “मनोहर, त्या दिवशी तुम्ही बरोबर विचारलं होतं. उत्तर मला माहीत नव्हतं, म्हणून मी हसलो. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मला माफ करा.”